हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जाळीच्या नावाखाली ५२ हजार काढले, सही करायच्या आधी वाचा

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तब्येत ठणठणीत आहे, पण आमच्याकडनं ज्या पद्धतीने पैसे काढले ते सगळ्यांना कळायलाच पाहिजे म्हणून लिहितोय.

जांघेत गाठ होती, खोकलं की बाहेर, आडवं झालं की आपोआप आत, दुखत अजिबात नव्हतं. ऑनलाइन खर्च बघताना एका कंपनीचा फॉर्म भरला आणि लगेच फोन सुरू. तपासणी फ्री, न्यायला-आणायला गाडी, बिनव्याजी हप्ते, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सगळं पॅकेज ६५ हजार. त्यांनी पाठवलेल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी गाठ धड दाबूनसुद्धा बघितली नाही, थेट म्हणाले, काका, आतडं अडकून सडलं तर जीव जाईल, उद्या सकाळीच घेऊ. आई तिथेच रडायला लागली.

हे निव्वळ घाबरवणं होतं. पुरुषांच्या जांघेतला न दुखणारा, आत जाणारा हर्निया असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, लक्ष ठेवून, ऑपरेशन काही काळ लांबवता येतं. अमेरिकेत ७२० पुरुषांवर याचाच अभ्यास होऊन २००६ मध्ये छापून आला, त्यात थांबलेल्यांमध्ये आतडं अडकायचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघालं. पुढे दुखायला लागतं म्हणून बरेच जण ऑपरेशन करून घेतात, आणि गोळ्या-पट्ट्याने हर्निया बरा होत नाही हेही खरंच, पण दुसऱ्या सर्जनला दाखवण्याइतका वेळ नक्की असतो. बायकांच्या जांघेतला हर्निया मात्र लांबवू नका. आणि गाठ अचानक कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर कुणाचाही असो, त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा.

आता जाळीचं, म्हणजे हर्नियाच्या जागी आधाराला आत बसवतात ती. ऑपरेशन चालू असताना माणूस बाहेर आला, म्हणे साधी जाळी चालणार नाही, इंपोर्टेड कंपोझिट टाकावी लागेल, ५२ हजार वेगळे, इथे सही करा. बाप आत टेबलावर असताना कोण नाही म्हणणार? फायनल बिल १ लाख ४८ हजार! मी जाळीचा स्टिकर मागितला, पाकिटावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असतो तो, पेशंटच्या फाइलला लावतात. आज देतो उद्या देतो चालू झालं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, तसा लेखी अर्ज दिला तेव्हा कागद मिळाले, आणि स्टिकर निघाला साध्या पॉलिप्रोपिलीन जाळीचा.

ओळखीच्या सर्जननी समजावलं की कंपोझिट लागते ती जाळी आतड्याला टेकणार असेल तेव्हा, जांघेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात ती पोटाच्या आतल्या पडद्याच्या बाहेर बसते, तिथे साधीच पुरते. म्हणजे टाकली ती योग्यच, पैसे मात्र दुसरीचे घेतले, आणि साधी जाळी काही हजारांत येते.

त्यामुळे कुठली जाळी, ती पॅकेजमध्ये धरलीय का, भूल आणि औषधं धरलीत का, हे अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच लेखी घ्या, तोंडी पॅकेजवर जाऊ नका. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी हॉस्पिटलला दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, ती मागा.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यामुळे कुणाचं असं झालं असेल तर बिल, स्टिकर, सही केलेले कागद आणि फोनवरचे मेसेज काहीच टाकू नका.