कासवाच्या पिल्लाला उघडं टेबल की बंद चेंबर? आम्ही दोन्ही करून बसलोय

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडात, लीड्समधल्याच एका मैत्रिणीचा फोन आला, लेकीच्या वाढदिवसाला हर्मन जातीच्या कासवाचं पिल्लू आणतोय, घर कसलं घेऊ, टेबल का ते बंदवालं, पटकन सांग. पटकन सांगितलं असतं तर ती दुकानात जाऊन तिथला माणूस हातात देईल ते घेऊन आली असती, आम्ही तेच केलं होतं, म्हणून म्हटलं थांब, लिहूनच पाठवते.

आमच्याकडे दोन आहेत. पहिली सुपारी. नर का मादी ते एवढ्या लहानपणी कळत नाही, आम्ही आपलं ती म्हणतो. आली तेव्हा २८ ग्रॅमची, सालासकट सुपारी असते ना तेवढीच दिसायची. तिचं पहिलं दीड वर्ष उघड्या टेबलावर गेलं. मग दोन वर्षांनी जायफळ आलं, ते पहिल्या दिवसापासून बंद चेंबरमध्ये. म्हणजे जात एक, घर एक, पालापाचोळा खायला घालणारे हात तेच, फरक फक्त डब्याचा.

टेबल म्हणजे काय तर पाय असलेला मोठा लाकडी ट्रे, वर छप्पर नाही, एका टोकाला गरम बल्ब टांगलेला आणि लांब यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी. चेंबर म्हणजे लाकडी पेटी, पुढे सरकत्या काचा, दिवे आतच. दोन्हीत साधारण चार फूट बाय दोन फूट जागा लागते, त्याखाली जाऊ नका, कारण एक टोक ३३-३५ डिग्री आणि दुसरं २२-२३ असा फरक ठेवायचा असतो आणि लहान पेटीत सगळंच एकसारखं तापतं, पिल्लाला थंड व्हायला जागाच राहत नाही.

आता खरा मुद्दा, ओलावा. मला वर्षभर वाटत होतं कासव म्हणजे कोरड्या उन्हातला प्राणी, माती कोरडी ठेवली की बास. मोठ्याचं ठीक आहे हो, पण पिल्लं जंगलात दिसतात का कधी उघड्यावर? ती झुडपाखाली, पाल्यात, ओलसर मातीत अर्धी पुरून घेऊन बसलेली असतात. आमच्या टेबलावर हिवाळ्यात रेडिएटर चालू असताना ओलाव्याचा मीटर ३५-४० टक्के दाखवायचा, मी सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचे आणि तासाभरात ते वरच्या वर उडून जायचं, बल्ब एखाद्या तव्यासारखा सगळं सुकवत बसायचा. सुपारीच्या पाठीवरची प्रत्येक ढाल हळूहळू वर यायला लागली, एक एक छोटा डोंगर. बोट फिरवलं की कणसावरून फिरवल्यासारखं लागायचं. याला पिरॅमिडिंग म्हणतात, आणि दुकानातला माणूस म्हणाला होता की प्रोटीन जास्त खाल्लं की होतं ते, म्हणून मी बिचारीचं खाणंच कमी केलं. नंतर वाचलं की २००३ मध्ये आफ्रिकन सल्काटा जातीच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता, त्यात कोरडी हवा हे मोठं कारण निघालं आणि प्रोटीनचा वाटा अगदी थोडा. झालेले डोंगर परत खाली बसत नाहीत, पुढची वाढ फक्त सपाट होऊ शकते. जायफळच्या चेंबरमध्ये मी काही विशेष न करता ७५-८० टक्के राहतं, आठवड्यातून दोनदा मातीच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं की झालं, आणि त्याची पाठ गोट्यासारखी गुळगुळीत आहे. दोघांना शेजारी ठेवलं की कोणालाही न विचारता कळतं.

रोजचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. सात वाजता टायमरवर दिवे लागतात, बारा तास चालतात. दिवे लागून अर्धा तास झाला, अंग तापलं, की अंघोळ. यासाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही, आमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, त्यात कोमट पाणी हनुवटीला लागेल एवढंच आणि पंधरा-वीस मिनिटं. डब्याच्या भिंती आरपार दिसणाऱ्या नकोत, नाहीतर ते सगळा वेळ बाहेर पडायचीच धडपड करतं. याच पाण्यात ते पितं, आणि याच पाण्यात करतं पण. लघवीबरोबर पांढरं येतं ते बघत जा, घट्ट दह्यासारखं असेल तर ठीक, रवाळ खडबडीत असेल तर पाणी कमी पडतंय. सुपारीचं टेबलावर असताना महिन्यातून चार-पाचदा तरी रवाळ यायचं, जायफळचं आठवत नाही कधी आल्याचं.

मग खाणं. डँडेलियन, सो थिसल, प्लांटेन, क्लोव्हर थोडं. डँडेलियन पहिल्यांदा तोडताना मला आपली पाथरीची भाजीच आठवली, तशीच कातरलेली पानं आणि पिवळं फूल, आणि प्लांटेन म्हणजे इसबगोलाचंच भावंड. फळं नाहीत, काकडी-टोमॅटोची सवय नाही, पालक रोज नाही. वर कॅल्शियमसाठी कटलबोनचा, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या हाडाचा, चुरा चिमूटभर. पिल्लू खातंय का हे चेंबरमध्ये काचेतून वाकून बघावं लागतं, टेबलावर चहा पिता पिता दिसतं, हा टेबलाचा एक खरा फायदा आहे आणि लहान मूल घरात असेल तर फारच मोठा, कारण मुलांना वरून बघायला आवडतं आणि समोरून हात घातला की कासव दचकतं तसं वरून पण दचकतंच म्हणा, पण निदान सगळं डोळ्यासमोर असतं.

विजेचं सांगते कारण तिने तेच पहिलं विचारलं होतं. टेबलावर उष्णता वर निघून जाते म्हणून १०० वॅटचा बल्ब लागला, बारा तासांचे रोज १.२ युनिट, महिन्याचे ३६. चेंबरमध्ये ६० वॅटमध्ये भागतं, महिन्याचे २२ च्या आसपास. पण थांबा, इथे एक मेख आहे. ओल्या मातीत रात्री थंडी चालत नाही. ओलं आणि गार एकत्र आलं की सर्दी होते, नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, मग थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर. त्यामुळे चेंबरमध्ये रात्रीसाठी बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट लागतो, आमचा तो २० च्या खाली जाऊ देत नाही, म्हणजे वाचलेले युनिट बरेचसे तिथे जातात. कोरड्या टेबलावर रात्री घर १६ डिग्रीला आलं तरी सुपारीचं काही बिघडलं नव्हतं.

चेंबरचे अजून त्रास. थर्मोस्टॅट बिघडला तर बंद पेटी भट्टी होते, म्हणून दोन टोकांना दोन वेगळे थर्मामीटर ठेवा आणि हात घालून बघायची सवय ठेवा. लाकूड ओल धरतं, आमच्या पहिल्या पेटीचा तळ फुगून आला कारण सांधे सिलिकॉनने भरलेच नव्हते, आता खाली बागेतल्या तळ्यात अंथरतात ते प्लास्टिक घातलंय. पहिल्या दोन महिन्यांत मातीतून अळंबीच्या छोट्या छत्र्या उगवल्या, त्या उपटून टाकायच्या. आणि काचेच्या खालच्या चार बोटं पट्टीला बाहेरून कागद लावा, नाहीतर ते काचेवर पाय मारत बसतं. काचेचाच विषय निघाला म्हणून, खिडकीतलं ऊन यूव्हीबी म्हणून धरू नका, काच ते अडवते, आणि ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचा जोर कमी होत जातो, आम्ही वर्षाने बदलतो.

हर्मन का हॉर्सफिल्ड, कुठल्या जातीचं घ्यावं असाही मैत्रिणीचा घोळ होता. इथे ब्रिटनमध्ये हर्मन विकायला आर्टिकल १० चा कागद, म्हणजे संरक्षित प्राणी विकायचा सरकारी दाखला, लागतो, हॉर्सफिल्डला तो लागत नाही, म्हणून दुकानात तेच जास्त. हॉर्सफिल्ड मध्य आशियातलं आहे, भयंकर खोदतं, त्याला माती जास्त खोल लागते. याच जातीची दोन कासवं सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत रशियाच्या झोंड ५ यानातून चंद्राला चक्कर मारून जिवंत परत आली होती, माणसाच्या आधी. कणखर आहे म्हणून पिल्लूही कोरड्यात टाकायचं असं मात्र नाही, पहिली दोन-तीन वर्षं त्यालाही ओलावा लागतोच.

पुण्याची माझी मामेबहीण हे ऐकून म्हणाली आम्ही पण घेतो एक, ती चांदण्यांची नक्षी असलेली मिळतात म्हणे. तिला म्हटलं बाई गं, ते घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, २०१९ पासून तर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून धरलेल्यांचा देशादेशांतला धंदेवाईक व्यापार बंद. तिथे हा टेबल-चेंबरचा प्रश्नच येत नाही.

तर माझं मत, तीन वर्षांच्या आतलं पिल्लू असेल तर चेंबर, आणि एप्रिल ते सप्टेंबर ऊन असेल त्या दिवशी बागेत वरून जाळी लावलेल्या चौकटीत, जाळी हवीच कारण इथले मॅगपाय, कावळ्याच्या कुळातले पक्षी, एवढ्याशा पिल्लाला उचलून नेतात. टेबल मोठं झाल्यावर. सुपारी आता परत उघड्या टेबलावर आहे आणि मजेत आहे.

पण टेबल आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. आम्ही सुपारी लहान असताना शेवटी तेच टेबल वापरलं, वरून पॉलीकार्बोनेटचा पत्रा टाकून तीन चतुर्थांश झाकलं, ट्यूब पत्र्याच्या खाली घेतली, वर ठेवली तर यूव्हीबी खाली पोचत नाही. मीटर दोन दिवसांत ४० वरून ६५ वर गेला. बल्बच्या बाजूचा भाग मात्र उघडाच ठेवा, आम्ही पहिल्यांदा तिथेही पत्रा सरकवला होता आणि कोपरा पापडासारखा वळला.