क्रिस्टोवरचा एकच माहितीपट बघायचा असेल तर : कुंपण की तलाव?

क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्यानं उघड्यावर कापडानं उभारलेली प्रचंड कामं प्रत्यक्ष बघायची संधी आता उरलेली नाही. दोन आठवडे उभी राहायची आणि मग उतरवली जायची, ही त्यांची रीतच होती. त्यामुळे आपल्या हाती राहतात ते माहितीपट. त्यातल्या दोघांमध्ये निवड करताना मी स्वतः बराच घुटमळलो होतो : मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘रनिंग फेन्स’ आणि आंद्रेई पाउनोव यांचा २०१८ सालचा ‘वॉकिंग ऑन वॉटर’.

डोळ्यांचं सुख हवं असेल तर दुसरा. इटलीतल्या इझेओ तलावावर २०१६ साली सुमारे २,२०,००० तरंगत्या ठोकळ्यांवर पिवळं कापड अंथरून तीन किलोमीटरची वाट केली होती. वरून घेतलेल्या दृश्यांत ती वाट पाण्याबरोबर हलताना दिसते, तेव्हा मी खरोखर पुढे सरकून बसलो. जान-क्लोद २००९मध्येच गेलेल्या. दोघांनी १९७०पासून मनात धरलेली कल्पना ८१ वर्षांचा क्रिस्टो एकटा पूर्ण करतोय, हे कळल्यावर त्याची चिडचिडही जवळची वाटते. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा.

मला खटकलं ते वेगळंच. मित्रांना हा माहितीपट दाखवला तेव्हा मध्येच एकीनं विचारलं, ‘पण तिथल्या लोकांनी याला हो कसं म्हटलं?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि पुढच्या तासाभरात समोरच्या पडद्यावरही मिळालं नाही. क्रिस्टो आणि त्याच्या पुतण्याची खडाजंगी आहे, आवरेनाशी झालेली गर्दी आहे, अधिकाऱ्यांबरोबरच्या तणावाच्या बैठका आहेत. पण ज्यांच्या दारातून ती वाट निघाली, ती माणसं बहुतेक वेळ गर्दीतच राहतात. एकदा हे लक्षात आल्यावर दुसऱ्यांदा बघताना मी त्यांनाच शोधत बसलो.

‘रनिंग फेन्स’ मात्र याच प्रश्नावर उभा आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सोनोमा आणि मरीन परगण्यांत १९७६च्या सप्टेंबरमध्ये साडेपाच मीटर उंच, जवळजवळ ४० किलोमीटर लांब पांढऱ्या कापडाचं कुंपण चौदा दिवस उभं होतं. त्यासाठी ५९ पशुपालक कुटुंबांची जमीन लागली आणि १८ जनसुनावण्या झाल्या. त्या सुनावण्या, ती घरं, विरोध करणाऱ्यांचा खराखुरा राग, सगळं यात आहे. एका सुनावणीत शेतकरी घरातली एक बाई उठते आणि म्हणते की मीही कधीकधी खूप खपून एखादं जेवण रांधते, माझ्या लेखी ती कलाच असते. ते खाऊन संपतं म्हणून ती कला नव्हती असं होतं का? थोड्याच दिवसांत उतरणाऱ्या कलेची इतकी सरळ बाजू मी कुठल्याच समीक्षकाकडून ऐकलेली नाही. आणि ती मांडणारी बाई कलेच्या जगातली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चित्र जुनं आहे, रंग आजच्या मानानं फिके. सुरुवातीला सुनावण्यांची बोलणी लांबतात, हेही खरं; कोणाला ती कंटाळवाणी वाटू शकतील. पण हीच बोलणी ऐकलेली असल्यामुळे शेवटी वारा भरून कापड शिडासारखं फुगतं आणि टेकड्यांवरून समुद्राकडे उतरत जातं, तेव्हा ते कोणाच्या कुरणातून चाललंय हे आपल्याला ठाऊक असतं. तेच कुंपण थेट बघितलं असतं तर मला नुसतं सुंदर वाटलं असतं, असं मला वाटतं.

तुमची आवड माझ्याहून वेगळी असू शकते. क्रिस्टो हा माणूस म्हातारपणी कसा होता हे बघायचं असेल, तर तलावाला पर्याय नाही. पण एकच संध्याकाळ असेल तर मी ‘रनिंग फेन्स’ लावेन. तो तासाभरात संपतोही. आणि कोणाला सोबत घेऊन बघणार असाल, तर त्या बाईचं बोलणं झाल्यावर जरा थांबवा; आमच्याकडे तिथून पुढे अर्धा तास गप्पा चालल्या होत्या.