पुंजभोवरे अभ्यासायला हेलियम की रुबिडियम?

अतिप्रवाहातले (म्हणजे अतिथंड, घर्षणाविना वाहणाऱ्या द्रव-वायूतले) पुंजभोवरे, म्हणजे ठरावीक मापातच फिरणारे भोवरे, अभ्यासायला हेलियम-४ घ्यावे की रुबिडियम-८७ चा वायू?

थंडाव्यात हेलियम सोपे: पंपाने बाष्पदाब उतरवून २.१७ केल्विनखाली नेले की झाले. रुबिडियमला लेझर, अणू धरून ठेवणारा सापळा, बाष्पीभवन असे टप्पे लागतात, तेही शेकडो नॅनोकेल्विनपर्यंत (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग).

खरा फरक दिसण्यात आहे. हेलियममधल्या भोवऱ्याचा गाभा जेमतेम ०.१ नॅनोमीटर, म्हणून गोठलेल्या हायड्रोजनचे कण सोडून माग काढतात. कण मोठे झाले तर भोवऱ्याची चालच बिघडते. रुबिडियममधल्या भोवऱ्याचा गाभा साधारण हजारो पट मोठा. सापळा बंद करून अणूंचा ढग पसरू दिला की भोवरे छायाचित्रात छिद्रांसारखे स्पष्ट दिसतात, मात्र तो नमुना तिथेच संपतो.

दाट, दीर्घकाळ चालणारा खळबळाट हवा तर हेलियम. मोजक्या भोवऱ्यांचा जन्म आणि टक्कर सिद्धांताच्या समीकरणाशी ताडायची तर रुबिडियमच.