नॉलेजचं सॉफ्टवेअर अकरा महिने वापरलं, सगळा राग सर्चवर

कामातली माहिती नोट लिहून साठवायची आणि लागेल तेव्हा सर्च करून काढायची, असं हे सॉफ्टवेअर. पुढच्या महिन्यात रिन्युअल आहे म्हणून लिहायला बसलोय, आणि जुलैमधला तो गुरुवार अजून डोक्यातून जात नाही म्हणूनपण. फीचर्स कुठले, प्लॅन किती प्रकारचे, हे घेणारा माणूस आधीच बघतो त्यामुळे ते परत सांगत नाही. कंपनीचं नावही घेत नाही.

आमची जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहे, मुख्य तूर, माणसं पन्नासेक. हे सॉफ्टवेअर घेतलं त्याची दोन कारणं. एक म्हणजे आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाचं ऑडिट, 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 क्रमांकाचं कलम आहे, कंपनीला तिच्या कामासाठी लागणारं ज्ञान कुठलं ते ठरवा, सांभाळा आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा. ऑडिटरने विचारलं तुमचं कुठे ठेवलंय, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या नजरा नानांकडे गेल्या. आणि दुसरं कारण नानाच, कारण ते दिवाळीला रिटायर होऊन पारोळ्याला जाणार होते. एकतीस वर्षं रोलवर (टरफल काढायचं मशीन) आणि यार्डात काढलेला माणूस. तुरीला तेल लावून ढीग मारला की तो किती तास झाकायचा, उन्हात किती दिवस पसरायचा, विदर्भाचा माल असेल तर काय आणि बर्माची लेमन तूर असेल तर काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तर 25 लॉगिन घेतले, माणशी महिना 240 रुपये, वर्षाचे 72,000, वर 18 टक्के जीएसटी. शेठना हा आकडा पटवायला मला तीन दिवस लागले त्यामुळे यातला एक एक रुपया मी लक्षात ठेवलाय.

आता तो गुरुवार. बाहेर पाऊस, आत सॉर्टेक्स, म्हणजे रंग बघून खराब दाणा वेगळा काढायचं मशीन, चांगली डाळ रिजेक्टमध्ये मारायला लागलं. ऑपरेटरने काच पुसली, सेटिंग बदलून बघितली, फरक नाही. मग त्याने मोबाईलवर याच सॉफ्टवेअरमध्ये सर्च केलं 'सॉर्टेक्स इंजेक्टर', काहीच नाही आलं. 'इन्जेक्टर' टाकलं, काही नाही. मग मशीनवाल्यांच्या इंजिनिअरला फोन, तो म्हणे शनिवारी येतो, व्हिजिट चार्ज वेगळा. जवळजवळ सहा तास लाईन बंद, हमाल बसून, गाडी भरायची थांबलेली. संध्याकाळी मी सहज जुन्या नोट चाळत होतो तर सापडलं, डिसेंबरमध्ये आमच्याच कॉम्प्रेसरवाल्या पोराने लिहून ठेवलं होतं: 'सॉरटेक्स पावसाळ्यात चांगला माल फेकतं, हवेत पाणी येतं, ईजेक्टर चिकटतो, टाकीचं पाणी दर दोन तासाला सोडा, ड्रायर चेक करा.' ईजेक्टर म्हणजे हवा मारून खराब दाणा उडवणारा भाग, ऑपरेटर त्यालाच इंजेक्टर म्हणतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला तर पाच मिनिटं पिचकारीसारखं पाणी. ड्रायर ट्रिप झालेला होता. तो चालू केला, लाईन कोरडी होऊ दिली, तासाभरात मशीन नीट.

म्हणजे उत्तर आमच्याकडेच होतं, आमच्याच माणसाने लिहिलेलं, त्याचे पैसे आम्ही दर महिन्याला भरत होतो, आणि ज्या दिवशी लागलं त्या दिवशी ते मिळालं नाही फक्त यामुळे की एकाने 'सॉरटेक्स', 'ईजेक्टर' लिहिलं आणि दुसऱ्याने 'सॉर्टेक्स', 'इंजेक्टर'. मराठी लिहिताना हे होणारच. कोणी अनुस्वार देतो, कोणी अर्धा न लिहितो, ह्रस्व-दीर्घ तर मिलमध्ये कोणीच बघत नाही आणि का बघावं? इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं तर हेच सर्च 'तुम्हाला हे म्हणायचं आहे का' विचारतं, मराठीला मात्र अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. मी सपोर्टला चार मेल टाकले. उत्तर काय तर 'आपली सूचना रोडमॅपमध्ये घेतली आहे'. पाचव्या मेलला उत्तर नाही. माझ्या दृष्टीने हा छोटा दोष नाहीच, ज्ञान सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे आणि सांभाळलेलं वेळेला सापडत नसेल तर पैसे कशाचे?

इतपत लिहून मी ठेवून दिलं होतं, पोस्ट करणार होतो दोन स्टार देऊन. मध्ये तीन आठवडे गेले आणि माझं मत थोडं बदललंय, ते पण लिहितो.

प्रत्येक नोटखाली लिहिणाऱ्याचं नाव येतं आणि बाजूला 'कोणाला विचारायचं' असा रकाना आहे. सुरुवातीला मला तो फालतू वाटला होता. पण गुरुवारनंतर त्या कॉम्प्रेसरवाल्या पोराला जो तो विचारायला लागला, आणि त्याने स्वतःहून पुढच्या पंधरा दिवसात अकरा नोट लिहिल्या, कोणी सांगितलं नव्हतं. झेरॉक्स कंपनीने 1990 च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनसाठी 'युरेका' म्हणून असंच काहीतरी केलं होतं, मशीनवर काम करताना सापडलेल्या युक्त्या एकमेकांना कळाव्यात म्हणून. तिथेपण युक्तीखाली ज्याची त्याचं नाव जायचं, आणि त्या लोकांना पैशापेक्षा तेच हवं होतं. आमच्याकडे आतापर्यंत पोराची ओळख 'कॉम्प्रेसरवाला' एवढीच होती, आता त्याला नावाने हाक मारतात.

नानांचं मात्र सॉफ्टवेअरने नाही झालं. जाण्याआधी आम्ही त्यांचे व्हिडिओ घेतले होते. चाळीस सेकंदाचा एक आहे, त्यात नाना ढिगातून दोन दाणे घेतात, दाढेखाली धरतात, डोळे मिटून फोडतात आणि म्हणतात, "आजून नही भो, ऱ्हाऊ दे." संपला व्हिडिओ. खाली आपोआप टाईप होऊन जे आलं त्याचा अहिराणीशी काही संबंध नव्हता. मायकेल पोलानी नावाच्या विचारवंताने 1966 मध्ये हेच मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त येत असतं. आणि 1985 च्या सुमाराला जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव बनवायचं मशीन जमत नव्हतं तर त्यांच्या इकुको तानाका ओसाकाच्या हॉटेलात मुख्य बेकरकडे कणीक मळायला शिकायला गेल्या, तिथे त्यांना दिसलं की तो कणीक नुसती ओढत नाही तर पीळ देतो. मग मशीन तसं केलं.

हे वाचूनच मी एप्रिलमध्ये नानांना आठ दिवस बोलावलं होतं, हजेरी आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊन, सोबत यार्डातला एक पोरगा दिला. ओल असेल तर दाणा दाबला जातो, सुकला की कट आवाज येतो, एवढं पहिल्या दिवशीच कळलं, पण किती कट म्हणजे झालं हे सहाव्या दिवशी जमलं. त्या दिवशी नाना काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, उद्या दुपारपर्यंत राहू द्या. नानांनी नुसती मान हलवली. त्या आठ दिवसांचा खर्च सॉफ्टवेअरच्या एका महिन्याच्या बिलाएवढाच.

सीएंना विचारलं होतं की हे सगळं ताळेबंदात कुठे दाखवायचं, तर ते म्हणाले माणसांचं कसब मालमत्ता म्हणून सहसा धरता येत नाही, एएस 26 या हिशोबाच्या मानकाप्रमाणे त्यावर कंपनीचा पुरेसा ताबा असावा लागतो आणि माणूस उद्या जाऊ शकतो. बरोबर आहे, नाना गेलेच की.

रिन्युअल करतोय पण 25 नाही, 9 लॉगिन. जीएसटी धरून साडेतीस हजाराच्या आसपास बसेल. बाकीचे लोक तसंही फक्त वाचायचे, त्यांच्यासाठी सॉर्टेक्सजवळ आणि रोलजवळ एक एक जुना टॅब लावलाय. सर्चवर आम्हीच उपाय काढला, प्रत्येक नोटच्या शेवटी एक ओळ, तो शब्द लोक जितक्या प्रकारे लिहितात तितके सगळे प्रकार. सॉर्टेक्स, सॉरटेक्स, सोर्टेक्स, सारटेक्स, शॉटेक्स. हे काम सॉफ्टवेअरवाल्यांचं होतं, करतोय आम्ही, म्हणून तीन स्टारच्या वर देणार नाही.

नऊपैकी एक लॉगिन नानांचं आहे. शेठ म्हणाले रिटायर माणसाचे कशाला भरायचे, पण पारोळ्याला त्यांचा नातू प्रश्न वाचून दाखवतो आणि नाना बोलून उत्तर देतात, गेल्या महिन्यात सात आली.