झोपेसाठी सीबीटी-आय करायचंय, पण समोरासमोर, चार भेटींत की अ‍ॅपवर?

आठवड्यात तीनेक रात्री झोप लागत नाही आणि हे तीन महिने चाललंय, तर गोळीच्या आधी सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारी निद्रानाशावरची थेरपी) करा असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगून ठेवलंय. अडचण एवढीच की त्याचे नियम वेगळी बेडरूम असलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून केलेत.

समोरासमोर थेरपी म्हणजे साधारण सहा ते आठ सेशन. पैसे जातात, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळ जाते, पण नियम तुमच्या घराप्रमाणे वळवून मिळतात. उदाहरणार्थ झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा म्हणतात, आता कळव्याच्या वन आरकेमध्ये दुसरी खोली म्हणजे मोरी! अशा वेळी जाणकार माणूस सांगेल की गादीवरच उठून बसा, भिंतीला टेका, मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा आणि पेंग आली की आडवे व्हा. अंधारात उठताना तोल जायची भीती असलेल्या म्हाताऱ्यांनाही हेच बरं. अपॉइंटमेंटच्या आधी फोनवर विचारा की स्लीप डायरी (रोजच्या झोपेची नोंद) भरून घेता का, बेडवरचा वेळ कमी करता का. नुसतं चहा सोडा, मेडिटेशन करा इतकंच असेल तर ते सीबीटी-आय नाही.

चार भेटींचा प्रकार म्हणजे बीबीटीआय, सीबीटी-आयचंच छोटं रूप, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये वयस्कर लोकांवर तपासलेला, दोन भेटी प्रत्यक्ष आणि दोन फोनवर. विचारांची फार चिरफाड नाही, बेडवर कमी वेळ, उठायची वेळ रोज एकच, झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, जागे असाल तर पडून राहायचं नाही, बस. आईबाबांसाठी मी हाच घेईन, डायरी नातवाने भरली तरी चालते.

अ‍ॅप स्वस्त, रात्री दोनलाही उघडतं, पण बहुतेक इंग्रजीत. इथे अमेरिकेतला 2022 चा एक अभ्यास बघण्यासारखा आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी तोच ऑनलाइन प्रोग्राम त्यांच्या आयुष्याला धरून बदलला, तर झोपेतला फरक दोन्हींत जवळपास सारखाच पडला पण बदललेला प्रोग्राम 78 टक्के बायकांनी पूर्ण केला आणि मूळचा 65 टक्के. म्हणजे औषध तेच, पण आपलं वाटलं तर माणूस टिकतो. इंग्रजी सहज असेल आणि स्वतःला शिस्त असेल तर अ‍ॅप घ्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात नोटिफिकेशन बंद कराल.

भाषा बदला, जागा बदला, पण बेडवरच्या वेळेची मर्यादा ढिली करू नका, खरं काम तीच करते. आठ तास लोळून साडेपाच झोपत असाल तर सुरुवातीला साडेपाच-सहा तासच बेडवर, आणि त्यातले 85 टक्के झोपेत जायला लागले की पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले काही दिवस दिवसा पेंग येते, तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवर बाइक नको. ऐरोली-महापेत कायम नाइट असेल तर घरी पोचल्यावरची वेळ धरून हेच जमतं, पण दर आठवड्याला शिफ्ट फिरत असेल तर अ‍ॅपच्या नादी लागू नका, माणूसच लागेल. बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप कापायची नाही, घोरणं जोरात असेल तर आधी स्लीप स्टडी (झोपेत असताना होणारी तपासणी), आणि चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.