अकरा फुटी की नऊ फुटी? खळाळत्या पाण्यासाठी छोटी कॅनू निवडताना

गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने उघड्या कॅनूतून रॅपिड, म्हणजे नदीचे खळाळते टप्पे, उतरायची एकदा गोडी लागली, की दुसरी होडी घेताना हा पेच हमखास येतो. पहिली होडी बहुतेकांची वापरलेली असते, अकरा-बारा फुटांची, रॉयलेक्स नावाच्या प्लास्टिकची, जशी मिळाली तशी घेतलेली. दुसरी मात्र विचार करून घ्यायची असते. तेव्हा समोर येतात त्या नऊ फुटांच्या, आखूड आणि गुबगुबीत, पॉलिथिनच्या होड्या. त्या बघून जुनी मंडळी अजूनही विचारतात, हिचं बाकीचं कुठे राहिलं?

मी दोन्ही वापरल्या आणि आता एकच ठेवली आहे. कोणती, ते कळेलच. आधी जुनीची बाजू मांडतो, कारण ती बाजू काही लेचीपेची नाही.

अकरा-बारा फुटीचं पहिलं सुख म्हणजे ती चालते. एक वल्हं मारलं की दुसरं मारेपर्यंत घसरत राहते. दोन रॅपिडांच्या मधल्या संथ डोहात हा गुण मोलाचा, आणि रुंद, वेगवान प्रवाह नाक तिरकं वरच्या बाजूला धरून ओलांडताना त्याहून मोलाचा. पाणी ढकलत जाणाऱ्या होडीच्या वेगाची मर्यादा पाणरेषेच्या लांबीच्या वर्गमूळाबरोबर वाढते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ १.३४ ने गुणलं की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. बारा फुटांना साधारण ४.६, नऊ फुटांना ४. प्रत्यक्षात दोघींचीही टोकं रॉकरमुळे, म्हणजे तळाच्या टोकांकडे वर वळणाऱ्या बाकामुळे, पाण्याबाहेर असतात, तेव्हा हे आकडे शब्दशः घेऊ नका. पण फरक हातांना कळतो, आणि संध्याकाळी खांद्यांनाही.

दुसरं सुख रॉयलेक्सचं. आत एबीएस या प्लास्टिकचा फेसाळ गाभा आणि बाहेर व्हिनाइलची कातडी असं हे थरांचं साहित्य दगडाला लपेटून वाकतं आणि बऱ्याचदा पुन्हा मूळ आकाराला येतं. शिवाय त्याला गोंद धरतो. दोर बांधायच्या डी-रिंगा, मांडीचे पट्टे, टोकांवरची केवलारची ठिगळं, सगळं चिकटवता येतं. पॉलिथिनला गोंद धरतच नाही म्हणा ना, तिथे सगळा कारभार नट-बोल्टांचा. डॅगरची ओकोई किंवा मोहॉकची प्रोब या त्या काळच्या नावाजलेल्या होड्या याच साहित्यातल्या. (ओकोई ही टेनेसीतली नदी. १९९६ च्या ऑलिंपिकची स्लॅलम तिच्यावर झाली.) अडचण एवढीच की रॉयलेक्स बनवणारी कंपनी २०१३ मध्ये पॉलिवनकडे गेली आणि २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पुढे क्वेबेकच्या एस्किफ या होड्या बनवणाऱ्या कंपनीने टी-फॉर्मेक्स नावाचं त्याच जातीचं साहित्य आणलं. तरी अकरा-बारा फुटी म्हटलं की आजही बहुतेकदा जुनीच पाहावी लागते. लाकडी काठाची जुनी होडी घेत असाल, तर आधीचा मालक हिवाळ्यात काठाचे स्क्रू सैल करत होता का, एवढं विचारा. कडाक्याच्या थंडीत लाकूड आणि रॉयलेक्स सारखे आकसत नाहीत, आणि स्क्रूच्या भोकांपासून तडे निघतात.

एवढे गुण असूनही तिचं एक वागणं मला शेवटपर्यंत सोसलं नाही. ती पाणी पिते.

उघडी होडी आहे, पाणी येणारच, हे मान्य. पण किती येतं, आणि आल्यावर काय होतं, यावर सगळा खेळ आहे. ओळीने उभ्या लाटा असल्या की लांब होडीचं मागचं टोक एका लाटेवर असतं आणि नाक पुढच्या लाटेच्या पोटात. नाकाला चढायला वेळच मिळत नाही, ते घुसतं. पहिल्या लाटेला बादलीभर, तिसऱ्या लाटेपर्यंत मांड्या पाण्यात. पुढे-मागे हवेच्या पिशव्या कितीही टिच्चून भरा, वल्हवणाऱ्याच्या भोवतीची जागा मोकळीच राहते, आणि तिथे शंभरेक लिटर पाणी सहज मावतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. आपल्याहून जड असा एक आगंतुक होडीत येऊन बसतो आणि होडी जिकडे कलेल तिकडे धाव घेतो. एडीत, म्हणजे दगडाआडच्या उलट्या, संथ पाण्यात वळताना होडी एका कडेवर कलवली, की तोही त्याच कडेवर येऊन आदळतो. सरळ केली की उलट्या बाजूला. या अवस्थेत होडी वळत नाही, थांबत नाही, आणि दगडाला आडवी लागली तर निघतही नाही.

मला खुपलं ते याच्याही पुढचं. काठावर उभं राहून रॅपिड न्याहाळताना मी उतरायची रेषा शोधेनासा झालो होतो. मी उपसायची जागा शोधत होतो. पहिल्या लाटा झाल्या की डावीकडची एडी, कारण तिथे पाणी काढता येईल. मग मधला तुकडा, मग पुन्हा उजवीकडे काठ. उजवीकडची जीभ, म्हणजे गुळगुळीत पाण्याची खाली उतरणारी पट्टी, कितीही सुंदर असो, तिच्या खाली थांबायला जागा नाही म्हणून ती बाद. सोबतचे, वरून झाकलेल्या होड्यांतले कयाकवाले खाली वाट बघत असतात. सुरुवातीला हसतमुख, मग आभाळाकडे बघत.

यावर कुणीही सांगेल, पंप लावा. लावला होता. बारा व्होल्टचा, सॅडलखाली (गुडघ्यांवर बसताना टेकायच्या बैठकीखाली) बसवलेला, बॅटरी कोरड्या डबीत. डब्यावर तासाला हजार गॅलनसारखा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला साठेक लिटर. पण तो आकडा पाणी वर उचलण्याआधीचा. काठापर्यंत चढवून, नळीच्या वळणातून बाहेर टाकेपर्यंत धार बरीच मंदावते. डोहात बसून होडी कोरडी करायला पंप उत्तम आहे. पण रॅपिडच्या मध्यावर, पुढची लाट तीन-चार सेकंदांवर असताना, त्याचा उपयोग मुख्यतः मनाच्या समाधानाला होतो. वर बॅटरीचं वजन, चार्जिंगची कटकट आणि ऐन वेळी बटण सापडणं हे आहेच. तुमची नदी उड्यांची, म्हणजे छोट्या-छोट्या धबधब्यांची असेल आणि प्रत्येक उडीखाली डोह असेल, तर मी हे वाढवून सांगतोय असं वाटेल, आणि ते बरोबरही असेल. सलग वाहणाऱ्या, थांबायला जागा न देणाऱ्या पाण्यावर मात्र वाढवून सांगायला फारसं काही उरत नाही.

नऊ फुटी होडी हा प्रश्न संपवत नाही, पण लहान करते. नाक गुडघ्यांच्या जरासंच पुढे असतं, रॉकर भरपूर, पुढची बाजू बाहेरच्या अंगाला फुगलेली. त्यामुळे नाक लाटेत न घुसता तिच्यावर चढतं. उडीवरून बूफ घेताना, म्हणजे नाक वर ठेवून उडी मारताना, आखूड तळ कडेवरून चटकन सुटतो आणि सपाट पडतो, नाक पाण्याखाली जाण्याआधीच आपण पुढे सरकलेले असतो. पिशव्या जवळपास गुडघ्यांपर्यंत येतात, म्हणजे मुळात पाण्याला जागाच थोडी. उलटली आणि रोल करून, म्हणजे आत बसूनच होडी सरळ करून, वर आलो तरी आत जेवढं राहतं तेवढ्यात वल्हवता येतं. लांब होडीत रोल बसल्याचा आनंद पाण्याने भरलेल्या डोणीत बसून साजरा करावा लागायचा.

किती लिटर कमी येतं ते मी मोजलेलं नाही. माझं माप एवढंच, की जिथे पूर्वी मधल्या एडीत जावंच लागायचं, तिथून आता सरळ खाली जातो, आणि थांबलोच तर लाटेवर खेळायला थांबतो. पंप अजून बसवलेला आहे. त्याचा आवाज मात्र हल्ली क्वचित ऐकू येतो.

आता तिचे दोष, कारण ते आहेत आणि दुकानात कुणी सांगत नाही. संथ पाण्यात नऊ फुटी सरळ जात नाही. एका बाजूने वल्हं मारलं की नाक दुसरीकडे पळतं, आणि प्रत्येक फटक्याच्या शेवटी जे-स्ट्रोक मारून, म्हणजे पातं बाहेर वळवून, ते परत आणत बसलं तर वेग उरत नाही. उपाय आहे. नाक कायम किंचित वल्ह्याच्या बाजूला वळतं ठेवायचं, होडी त्याच बाजूला जराशी कलवायची, आणि त्या वळणाच्या आतून पुढचा फटका मारायचा, म्हणजे होडीची वळायची ओढ आणि वल्ह्याची ढकल एकमेकींना तोलतात. जमलं की सुरेख जमतं. जमेपर्यंत पहिले काही दिवस आपण डोहात गोल गोल फिरतो आणि कयाकवाले पुन्हा आभाळाकडे बघतात. वारा समोरून असेल तर जमल्यावरही जीव जातो. रुंद होल, म्हणजे दगडाखाली उलटं फिरणारं पाणी, ओलांडायला लागणारा वेग आखूड होडीत नुसता वाहत जाऊन मिळत नाही, दोन-तीन जोरदार वल्ही आधीच मारून ठेवावी लागतात. आणि वजन. लांबी कमी म्हणून हलकी असेल, हा समज गाडीच्या टपावर चढवताना दूर होतो. पॉलिथिनची नऊ फुटी सॅडल, पिशव्या, पंपासकट पंचवीस किलोच्या वर जातेच. कितीतरी अकरा फुटी रॉयलेक्स तिच्याहून हलक्या भरतात.

नऊ फुटींमध्येही दोन तऱ्हा आहेत. सपाट तळाच्या, धारदार कडांच्या, पाण्यावर तरंगत सुटणाऱ्या एका बाजूला. ब्लॅकफ्लायची ऑक्टेन ही त्या घराण्यातली. गोलसर तळाच्या, चूक पोटात घालणाऱ्या दुसऱ्या बाजूला. धारदार कडेची होडी लाटेवर लाजवाब, आणि एडीत शिरताना जिथे ठरवाल तिथे चावा घेते. मी अशी एक उसनी घेऊन पुरेशी वल्हवली आहे. माझी अडचण वल्हं नसलेल्या बाजूची. कयाकवाल्याला दोन्हीकडे पातं असतं. आपल्याला एकाच बाजूला टेकायला काहीतरी असतं, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. त्या बाजूची कड वरून येणाऱ्या प्रवाहात रुतली की सावरायला वल्हं त्या बाजूला नेईपर्यंत डोकं पाण्यात. ज्यांची कंबर माझ्याहून चपळ आहे आणि ज्यांना लाटेवर खेळण्यातच जास्त रस आहे, त्यांनी तिकडेच जावं. नदी उतरणं हेच मुख्य असेल, तर थोडा वेग सोडून गोलसर तळ घेण्यात मला तोटा दिसत नाही. एस्किफची लेज आणि सिल्व्हरबर्चची कव्हर्ट ९.३ यांची नावं या लांबीत नेहमी निघतात. मिळतील तेवढ्या बसून बघा, सगळ्यांचे तळ एकसारखे नाहीत.

बसून बघताना एक गोष्ट कटाक्षाने बघा, स्वतःचं वजन. बारा फुटीला दहा किलो इकडेतिकडे झालेले कळत नाहीत. नऊ फुटीला कळतात. जड माणसाखाली ती खोल बसते, काठ पाण्याजवळ येतात, आणि जिच्या कोरडेपणासाठी एवढा खटाटोप केला ती पुन्हा पाणी प्यायला लागते. अंगाने भक्कम असाल तर दहा फुटांच्या आसपासची होडी शोधणं शहाणपणाचं. सॅडलची उंचीही तिथेच ठरवा. इंचभर खाली केली की होडी स्थिर वाटते आणि गुडघे ओरडतात, वर केली की उलट. पाण्यात दोन तास काढल्याशिवाय यावर मत बनवू नये, दुकानातल्या गालिच्यावर सगळ्याच सॅडल आरामशीर असतात.

तुमच्या नदीवर रॅपिड थोडे आणि डोह लांबलचक असतील, किंवा सोबत तंबू-शिधा घेऊन दोन-तीन दिवस उतरायचं असेल, तर वर लिहिलेलं बाजूला ठेवून अकरा-बारा फुटीच घ्या. तिथे ती पाणी पिते हे खरं, पण उपसायला वेळही मुबलक मिळतो. बाकीच्यांनी निदान एकदा कुणाची तरी नऊ फुटी मागून, आपल्या नेहमीच्या आणि सर्वांत ओल्या रॅपिडवर उतरवून बघावी.

वापरलेली नऊ फुटी मिळत असेल तर ती उलटी करून सॅडलच्या खालचा तळ हाताने दाबून बघा. तिथेच वजन येतं आणि तिथेच दगड लागतात. पॉलिथिन आत दबलेलं असेल तर उन्हात ठेवून बऱ्यापैकी वर येतं, पण तिथे घासून पातळ झालं असेल तर त्याला ठिगळ नाही. मग सगळे बोल्ट फिरवून बघा, विशेषतः मांडीच्या पट्ट्यांचे.