एमएससीचे आठ आठवडे: काय मिळतं, कुठे अडतं

‘मी कुठे चुकतो ते कळतं, पण वेळ आली की तसाच वागतो.’ डायरी लिहून, ध्यान करून किंवा समुपदेशन घेऊन झालेले पुष्कळजण इथे येऊन अडकतात. माइंडफुल सेल्फ-कम्पॅशन, म्हणजे एमएससी, हा स्वतःशी सजगपणे आणि मायेनं वागायला शिकवणारा अभ्यासक्रम नेमका अशांच्या कामाचा आहे. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर गर्मर यांनी तो 2010 मध्ये आखला. आता ऑनलाइन तुकड्याही चालतात, त्यामुळे पुण्यातून काय किंवा दुबईतून काय, घरबसल्या करता येतो.

आठवड्याला एक सत्र, साधारण पावणेतीन तासांचं. पाचव्या आणि सहाव्या सत्रांच्या मधे चार तासांची मौन बैठक. घरी रोज अर्धा तास ते चाळीस मिनिटं सराव, त्यातला काही बसून आणि काही कामाच्या धबडग्यात. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, पण क्रम वेगळा आहे. तिथे मैत्रीभावना, म्हणजे स्वतःचं आणि सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, दहाव्या दिवशी येते, इथे तिसऱ्याच आठवड्यात. एकाग्रतेची ती खोली मात्र इथे मिळत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून येऊही नये.

अभ्यासक्रमाची खरी ताकद त्याच्या मांडणीत आहे. लाज, राग, जुनी दुखणी सहाव्या आठवड्याआधी उघडत नाहीत. तोवर श्वास, तळपायांकडे लक्ष आणि छातीवर किंवा पोटावर ठेवलेला हात एवढ्यावर हात बसवून घेतात. सरावासाठी प्रसंगही सौम्य निवडायचा, त्रास दहापैकी तीनच्या आसपास असलेला. घटस्फोट नाही, ऑफिसातला तिरकस ईमेल. नवखे नेमके उलट करतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठा घाव काढून बसतात आणि दुसऱ्या आठवड्यात गळतात.

तरीही काहींना सुरुवातीलाच जास्त त्रास होतो. स्वतःशी मायेनं बोलायला घेतलं की रडू फुटतं, चिडचिड होते किंवा एकदम बधिर वाटतं. याला इथे बॅकड्राफ्ट म्हणतात. शब्द अग्निशमन दलाचा: आत धुमसणाऱ्या खोलीचं दार उघडलं की हवा मिळून आग उसळते. जिव्हाळा मिळाला की तो कधी मिळाला नव्हता तेही आठवतं, म्हणून असं होतं. यावरचे उपाय साधे आहेत. भावनेचं नाव घ्या, ती शरीरात कुठे आहे ते पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर उभं राहून लक्ष तळपायांवर आणा, आणि तेही जड गेलं तर सराव थांबवून चहा टाका. थांबणं हाही सरावच, हे शिक्षकानं पहिल्या दोन सत्रांत स्पष्ट सांगितलं नाही, तर ती तुकडी सोडलेली बरी.

रोजच्या वापराचा सराव तीन पायऱ्यांचा आहे. ‘आत्ता मला त्रास होतोय.’ ‘असा त्रास माणसाला होतोच, मी एकटा नाही.’ मग हात छातीवर ठेवून ‘आत्ता मला काय ऐकायची गरज आहे?’ मिनिटभरात होतो, सिग्नलला किंवा लोकलमध्येही. पहिली पायरी गाळली तर उरलेल्या दोन कोरड्या उपदेशासारख्या वाटतात, आणि घाईत बहुतेकजण तीच गाळतात. वाक्यं आपल्या तोंडची हवीत. ‘मी सुखी असो’ काहींना पोथीतलं वाटतं. त्यांनी ‘असू दे, होईल’ म्हणावं.

सहाव्या आठवड्यातला सराव सगळ्यात मोलाचा. त्रासदायक भावना शरीरात शोधायची: घशात आवंढा, पोटात गोळा. तो भाग सैल सोडायचा, मग त्याला मायेनं गोंजारायचं, आणि शेवटी तो आहे तसा राहू द्यायचा. चूक होते ती शेवटच्या पायरीवर. दर दोन मिनिटांनी ‘गोळा गेला का?’ असं तपासलं की सैल सोडणंही हाकलण्याचीच युक्ती होते आणि ताण वाढतो. बरं वाटावं म्हणून नव्हे, बरं वाटत नाहीये म्हणून हा सराव करायचा. हे अंगी मुरायला आठ आठवडे अपुरेच पडतात.

पुरावा बरा आहे, अफाट नाही. 2013 मधल्या पहिल्या चाचणीत जेमतेम पन्नासेक माणसं होती. फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. पण तुलना प्रतीक्षा यादीतल्यांशी, म्हणजे अभ्यासक्रम अजून न मिळालेल्यांशी होती, त्यामुळे इतर पद्धतींपेक्षा हे सरस, असं त्यावरून म्हणता येत नाही. स्वतःपुरतं मोजायचं तर स्वतःशी आपण किती मायेनं वागतो ते मोजणारी नेफ यांची 26 विधानांची प्रश्नावली सुरुवातीला आणि शेवटी भरा. दर आठवड्याला भरत बसाल तर तेही स्वतःला मार्क देणंच होईल.

खटकतं ते असं. मजकूर फार आहे. एकेका सत्रात तीन-चार सराव अंगावर येतात, आणि आठव्या सत्रानंतर माणूस सगळेच करू पाहून काहीच करत नाही. एक बसून करायचा आणि एक येता-जाता करायचा, एवढेच दोन निवडावेत. पाच दिवसांचा सलग पर्याय सुट्टीच्या सोयीचा असला तरी त्यात घरच्या सरावाला जागाच नसते. वागणं बदलायचं असेल तर आठवडी तुकडीच घ्यावी.

ताजा शोक, व्यसन, तीव्र नैराश्य किंवा आघात असेल तर आधी उपचार, आणि हा अभ्यासक्रम उपचारकाला विचारूनच. नोंदणीच्या वेळी याबद्दल प्रश्न विचारणारा अर्ज आलाच पाहिजे. आला नाही तर शिक्षकाचं प्रशिक्षण विचारा. ऑनलाइन बसणार असाल तर दार बंद होणारी खोली आणि हेडफोन लागतील. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण पावणेतीन तासांत कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणीतरी हाक मारणारच.